न तापणाऱ्या गाडीचं बॉनेट

आमच्या गाडीत काही बिघाड नव्हता. बिघाड बाबांच्या डोळ्यांत होता, आणि मी अख्खा हिवाळा गाडीचं बॉनेट कापण्यात घालवला. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. आमच्या घरात लपवालपवी पुरेशी झाली आहे, आता लिहिताना तरी नको.

मी फॅब्रिकेशनचं काम करतो. टेमघरला माझा गाळा आहे. आमचं गाव पूर्णा. तिथं भाताची खाचरं होती त्या जागी आता गोडाऊनं आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, पत्रे, छपरावरून वारा खेळवणारी तोंडं माझ्या गाळ्यातून गेलेली आहेत. एक गोडाऊन तर आमच्याच खाचरावर उभं आहे. त्याचे पत्रे मी ठोकले तेव्हा बाबा दिवसभर घराबाहेर आले नाहीत. पुढे त्यांनी गणेशपुरीच्या अलीकडे दोन एकर जमीन घेतली. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला स्वस्थ बसवत नाही. बाबा म्हणाले, "मातीत पाय नसला तं मना झोप येत न्हाय." पावसात भात आणि मग त्याच ओलीवर वाल, असं त्यांचं वर्ष परत सुरू झालं.

शेताकडे वळणारा शेवटचा रस्ता म्हणजे चिखल, आणि मधे एक ओहोळ. म्हणून गाडी घेतली ती चारही चाकांनी ओढणारी, टर्बो डिझेल, दुसऱ्या हातची पण ठणठणीत. बाबा ती स्वतः चालवायचे. सत्तरीला टेकलेला माणूस डोक्याला फडकं बांधून एवढ्या उंच गाडीत चढून बसला की आळीतली माणसं ओट्यावरून मान वर करून बघायची. बाबांना ते आवडायचं. गाडी सुरू करायच्या आधी ते उगाच आरसा पुसत बसायचे.

दिवाळीनंतर ते उशिरा येऊ लागले. साडेपाचला शेतातून निघालेला माणूस सातच्या आत घरी हवा, तो येई साडेआठला. विचारलं की एकच उत्तर, "गाडी तापली. उबी करून ठेवली व्हती." ओळखीच्या लोकांनीही त्यांना रस्त्याच्या कडेला पाहिलं होतं, बॉनेट उघडं टाकून बाजूला उभे. मला शंका यायचं कारणच नव्हतं. बाबा खोटं बोलल्याचं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. जमिनीच्या मोजणीत बांधाचा वाद निघाला तेव्हा स्वतःच्या विरोधात, शेजाऱ्याच्या बाजूनं बोललेला माणूस तो. आई त्यावरून मरेपर्यंत त्यांना टोमणे मारायची.

माझ्या बायकोला मात्र काहीतरी दिसत होतं. एकदा रात्रीची जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "बाबांना डाव्या बाजूचं सापडत न्हाय. काल तांब्या लवंडला, आज लोणच्यासाठी ताटात हात फिरवत व्हते."

"म्हातारपणी हात कापतात. तू काय डॉक्टर आहेस?"

"डॉक्टर न्हाय. पण ताट मी वाढते."

मी तिला उडवून लावलं. माझा स्वभाव तसा आहे. काम डोक्यात असलं की समोरचं माणूस बोलतंय याचाच मला राग येतो, आणि तेव्हा माझ्या डोक्यात गाडी होती. तापणं हा शेवटी माझा धंदा. गोडाऊनमध्ये माथाडी उकडून निघतात, मालकाचा फोन येतो, मी छपराला तोंड पाडतो आणि कोंडलेली हवा बाहेर जाते. सगळ्या गावाची छपरं थंड करायची आणि स्वतःच्या बापाची गाडी रस्त्यात तापून उभी राहायची, हे मला झोंबत होतं. दिव्याखाली अंधार, असं एक-दोघांनी तोंडावर म्हणूनही दाखवलं.

गाळ्याच्या शेजारी एक डिझेल मिस्त्री आहे. उत्तरेतून कापडाच्या लूमवर काम करायला आला, लूम बंद पडल्यावर इंजिनाकडे वळला. त्याला गाडी दिली. तो माणकोलीपर्यंत चक्कर मारून आला आणि म्हणाला, "सेठ, गाडी एकदम ठंडी है. काँटा बीच में से हिलता ही नहीं."

"मग काटा बिघडला असेल."

त्यानं काटा हलवणारा सेन्सर बदलला. नवा सेन्सरही तेच सांगू लागला. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "एक बार चाचा से ठीक से पूछो ना, क्या होता है."

"मेरा बाप झूठ बोलता है क्या?"

"मैंने ऐसा कब बोला," म्हणून तो आपल्या कामाला लागला. माझा आवाज तेव्हा अख्ख्या ओळीतल्या गाळ्यांना ऐकू गेला असणार. काट्यापेक्षा मी बाबांच्या शब्दावर विश्वास ठेवला, याचा मला त्या दिवशी अभिमानच वाटला होता.

उपाय मीच शोधला. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतात. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला थंड करणारी एक जाळी असते, इंटरकूलर. आमच्या गाडीत ही जाळी इंजिनाच्या डोक्यावरच बसवलेली. खालून इंजिनाची धग आणि वरून बंद बॉनेट. त्या जाळीवर थेट वारा पडावा म्हणून बॉनेटला भोक पाडून वर पत्र्याचं एक तोंड बसवतात, त्याला स्कूप म्हणतात. मिस्त्रीनं सांगून पाहिलं की यानं गाडीची ओढ वाढेल, इंजिनाचं पाणी काही थंड होणार नाही. मी म्हणालो, गरम ते गरम. छपराखालचं असो की बॉनेटखालचं.

जानेवारीतल्या एका रविवारी बॉनेट काढून गाळ्यात आणलं. बाबा सोबत आले. स्टुलावर बसले, फडकं सोडून मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मी जुन्या कॅलेंडरच्या पानावर माप काढलं, बॉनेट उलटं करून खालच्या पट्ट्या पाहिल्या. या पट्ट्या कापल्या तर बॉनेट वाऱ्यानं फडफडतं, म्हणून भोक त्यांच्या मधेच बसवायला हवं होतं. खडूनं चौकोन आखला आणि ग्राइंडर उचलला, तेवढ्यात बाबा म्हणाले, "नको रं फोडू कपाल गाडीचं."

"रंग मारून देतो ना. कळणार पण नाही."

"रंगाचं न्हाय. मी काय बोलतो, मी यष्टीनं जाईन. नाक्यावरना गणेशपुरीची यष्टी मिलते. उतरलू का शेत हाय कितीसं? चालत जाईन."

हे वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. तीन महिन्यांत त्यांनी स्वतःहून गाडी सोडायची गोष्ट काढली ती तेवढी एकदाच. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "घरात गाडी असून तुम्ही यष्टीत लटकणार? उद्या लोक माझ्याच तोंडात शेण घालतील, पोराला बापाची गाडी नीट करता येत नाही म्हणून."

"तसं न्हाय रं..."

"मग कसं?"

मी दोन क्षण वाट बघितली असती तर त्यांनी सांगितलंही असतं, असं मला वाटतं. मी ग्राइंडर चालू केला. ठिणग्या उडायला लागल्या तसे ते स्टूल घेऊन गाळ्याबाहेर जाऊन बसले.

स्कूप सुरेख झाला, हे मात्र खरं. अठरा गेजचा पत्रा, कडा आत वळवलेल्या, एकसारख्या अंतरावर रिवेट, आत पालापाचोळा जाऊ नये म्हणून जाळी. फक्त एक घोटाळा झाला होता. पूर्ण्याच्या छपरांवर आम्ही जी तोंडं बसवतो त्यांची पाठ पावसाकडे ठेवतो आणि तोंड आडोशाला, नाहीतर पहिल्याच झोडीत माल भिजतो. वीस वर्षं हात तसाच वळलेला. त्यामुळे गाडीचा स्कूपही मी तसाच बसवला. पाठ रस्त्याकडे आणि तोंड काचेकडे. समोरून येणारा वारा पाठीवर आपटून वरून निघून जाणार, आणि मागच्या तोंडातून इंजिनाचीच गरम हवा जाळीतून वर ओढली जाणार. मला कळलंसुद्धा नाही. वर मी आळीतल्या चार जणांना बोलावून दाखवलं.

मिस्त्री बघून गालात हसला. त्यानं लूमच्या वेस्ट सुताचा एक धागा काढला, वीतभर लांबीचा, आणि स्कूपच्या तोंडाशी चिकटपट्टीनं लावला. "चलाओ," म्हणाला. मी गाडी रस्त्यावर काढली आणि धागा सरळ माझ्या काचेकडे तोंड करून फडफडू लागला. हवा आत जातच नव्हती, बाहेर येत होती. परत आलो तर मिस्त्री म्हणाला, "सेठ, ये गोडाऊन नहीं है, ये चलती है." पुढे आठ दिवस गाळ्यांच्या ओळीत चहा मागवतानाही माझी थट्टा चालली होती. मला विचारायचे, सेठ, चहाचा कप सरळ धरू की उलटा?

त्या आठ दिवसांत बाबा मात्र कधी नव्हे इतके खुशीत होते. उशिरा यायचे आणि दारातूनच सांगायचे, "तापते रं आजून. तुजा पत्रा काय कामाचा न्हाय." मला वाटलं, पोराची फजिती झाली म्हणून म्हातारा मजा घेतोय. आता विचार केला की कळतं, त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. गाडी तापते म्हणायला आणखी काही दिवस मिळाले होते.

मी रिवेट तोडले आणि तोंड पुढे फिरवलं. जाळीच्या चारी बाजूंनी जाड फोम लावला, म्हणजे आत आलेली हवा इकडेतिकडे न पळता जाळीतूनच खाली जावी. या वेळी धागा आत ओढला गेला. चढावर गाडी पूर्वीपेक्षा हलकी वाटू लागली. मी वज्रेश्वरीपर्यंत जाऊन आलो, मुद्दाम दुपारच्या उन्हात गेलो, काटा जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा साडेआठला आले आणि म्हणाले, "तापली."

मी रात्रभर चरफडत होतो. पहिल्यांदा मला वाटलं की बाबा खोटं बोलत असतील. एकदा वाटलं म्हटल्यावर मी जे केलं ते लिहायची लाज वाटते. सुताला खळ लावायच्या सायझिंगच्या कारखान्यात तापमानाचे मीटर असतात. त्यांत दोन काटे. काळा काटा वरखाली होतो आणि लाल काटा जिथवर चढला तिथंच राहतो, म्हणजे दिवसभरात सगळ्यात जास्त किती तापलं ते संध्याकाळी येऊन बघता येतं. तसला एक मीटर मी ओळखीनं आणला आणि इंजिनाच्या पाण्याच्या पाइपावर, बाबांना दिसणार नाही अशा ठिकाणी बसवला. दिसणार नाही अशा ठिकाणी, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो होतो.

त्या संध्याकाळी बाबा आले तेव्हा मी अंगणात त्यांची वाटच बघत होतो. शेजारची तीन-चार माणसं होती. बाबा उतरले आणि म्हणाले, "आज लय तापली." मी सगळ्यांसमोर बॉनेट उघडलं, बॅटरी मारली, लाल काटा बघितला. तो मधल्या खुणेच्या वर गेलाच नव्हता.

"बाबा, खोटं कशाला बोलता? रस्त्यात कुणाकडं बसता? ताडी सुरू केलीत का?"

कुणीतरी हसलं. बाबांनी आयुष्यात ताडीला हात लावला नव्हता आणि हे आळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. बायको दारात उभी होती, ती म्हणाली, "अवो, असं काय बोलता त्यांना?" बाबा माझ्याकडे बघत होते, पण नेमकं माझ्याकडे नाही. थोडं बाजूला. मला वाटलं, शरमेनं नजर चुकवतायत. ते आत गेले आणि जाताना त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला घासला.

दुसऱ्या दिवसापासून बाबा वेळेवर येऊ लागले. सातच्या आत गाडी अंगणात. तापली हा शब्द घरातून गेला. मला केवढी फुशारकी! मिस्त्रीला मी पेढे दिले. दोघा-तिघांनी आपापल्या गाड्यांना असाच स्कूप मागितला आणि मी तो बनवूनही दिला. महिनाभर मी असा मिशीला पीळ देत फिरत होतो. बाबा जेवत कमी, बोलत कमी, आणि आल्यावर बराच वेळ गाडीचं दार धरून उभे राहत. बायकोनं ते मला दाखवलं होतं. मी म्हणालो, रुसलेत, येतील ताळ्यावर.

वाल काढून झाले तेव्हा पोती आणायला मी त्यांच्यासोबत गेलो. साडेपाचला परत निघालो. गाडी बाबा चालवत होते. परतीच्या वाटेला सूर्य समोरून येतो, सरळ काचेवर. बाबा वीसच्या वेगानं चालले होते, दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरून, मान पुढे काढून. मागच्या गाड्या हॉर्न मारून पुढे जात होत्या. मी वैतागलो.

"दाबा ना जरा. आता कुठं तापतेय?"

त्यांनी दाबलं. मी म्हणालो म्हणून दाबलं. तीस, चाळीस. पुढे कडेला एस.टी. उभी होती आणि तिच्या मागून डोक्यावर काकड्यांची पाटी घेतलेली एक बाई चालत येत होती, रस्त्याच्या डावीकडून, आमच्या बाजूनं. मला ती दिसत होती. दिसत होती म्हणून मी निवांत होतो, कारण दिसणाऱ्या माणसाला कुणी धडक देतं का? ती दहा पावलांवर आली तरी बाबांचा पाय हलेना. मी ओरडलो आणि स्टिअरिंगला हात घालून गाडी उजवीकडे ओढली. आरसा पाटीला लागला. पाटी उडाली, बाई गटाराच्या कडेला बसली आणि गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी थांबली.

बाईला लागलं नव्हतं. देवाची कृपा म्हणायची की माझ्या हाताची, मला माहीत नाही. ती उठली आणि तशीच बाबांच्या खिडकीशी आली.

"आंधला हायेस का रं म्हाताऱ्या?"

बाबा म्हणाले, "व्हय बाय. दिसत न्हाय मना."

ती शिव्या द्यायला आली होती, ती थांबली. बाबा दार उघडून खाली उतरले. रस्त्यावर काकड्या विखुरल्या होत्या. ते वाकून त्या गोळा करायला लागले. समोरच्या दोन-तीन त्यांनी पटकन उचलल्या. त्यांच्या डाव्या पायापाशी चार काकड्या पडल्या होत्या, तिथं मात्र ते जमिनीवर हात फिरवत राहिले, आणि हात काकड्यांच्या अलीकडूनच मागं येत राहिला. मी तिथं उभा राहून ते बघितलं. मग ती बाईच खाली बसली आणि एकेक काकडी त्यांच्या हातात देऊ लागली.

परतताना गाडी मी चालवली. बाबा बाजूला बसून सांगत होते, अगदी साध्या आवाजात, शेतातलं काही सांगावं तसं. दिवाळीच्या आधीपासूनच कडेचं दिसेनासं झालं होतं. सरळ समोर दिसायचं, पण जसं नळीतनं बघावं. ऊन डोळ्यांवर आलं की तेही जायचं. मग ते गाडी कडेला लावायचे आणि सूर्य पुरता बुडेपर्यंत, रस्त्यावरची वर्दळ कमी होईपर्यंत थांबायचे, मग गाडीच्या दिव्यांच्या उजेडात हळूहळू यायचे.

"आणि बॉनेट?"

"बॉनेट उगडं असलं का कोण काय इचारत न्हाय. नुसता उबा राहिलू तं धा जण इचारतील, काय झालं आबा."

"मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी आपल्या मोठ्या भावाची आठवण काढली. तो काका मला आठवतो. पन्नाशीतच त्याचे डोळे गेले आणि मरेपर्यंत, चांगली बारा-पंधरा वर्षं, तो ओट्यावर बसून होता. येणारा-जाणारा त्याच्यापुढे गप्प उभा राहायचा आणि विचारायचा, सांग मी कोण? चुकला की सगळे हसायचे. मीही लहानपणी तो खेळ खेळलो आहे. एकदा त्याच्या हातात चपला देऊन ही भाकरी आहे म्हणालो होतो. बाबांनी तेव्हा मला मारलं होतं.

"मना ओट्याव बसायचं न्हाय," बाबा म्हणाले. "गाडी गेली का शेत गेलं. शेत गेलं का ओटा."

"मग त्या दिवसानंतर न थांबता कसे येत होता?"

"तू ताडीचं बोल्लास ना. मंग आलू. देवाचं नाव घेवून आलू."

मला रडू आलं. चालवताना माझ्याच डोळ्यांपुढे रस्ता दिसेना, म्हणून मी गाडी कडेला घेतली. बाबांनी विचारलं, का थांबलास?

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्यांतला दाब वाढतो आणि नजर कडेकडून आत खात येतो, दुखत नाही, खुपत नाही, माणसाला कळेपर्यंत बराच कारभार उरकलेला असतो. गेलं ते परत येत नाही. थेंब घालून, लागली तर शस्त्रक्रिया करून, उरलेलं राखायचं. डॉक्टर म्हणाले की आधी आला असतात तर जास्त राखता आलं असतं. बाबांच्या भावाचं ऐकल्यावर ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, हे घराण्यात चालतं, तुम्हीपण तपासून घ्या. मी मान हलवली. माझ्या डोक्यात नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे महिने चालले होते, आणि प्रत्येक महिन्यात मी कॅलेंडरच्या पानावर माप काढत, रिवेट तोडत, फोम चिकटवत उभा होतो.

किती नजर उरली आहे ते मोजायची एक तपासणी असते. अंधाऱ्या खोलीत एक मोठं पांढरं भांडं आडवं बसवलेलं. एका डोळ्यावर पट्टी लावून त्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची आणि मधल्या दिव्याकडे बघत राहायचं. आत कुठंही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. तपासणी घेणारी मुलगी मोठ्या प्रेमानं सगळं समजावत होती. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. मशीन सुरू झालं. प्रत्येक ठिपक्याच्या आधी आतून कुर्रर् असा बारीक आवाज यायचा, आणि बाबांनी बटण दाबलं की टुक.

बाबा दाबत सुटले. टुक, टुक, टुक. मला केवढा धीर आला. म्हटलं, डॉक्टर काहीही सांगोत, म्हाताऱ्याला दिसतंय बऱ्यापैकी. मुलीनं मशीन थांबवलं.

"आजोबा, ठिपका नसताना पण दाबताय तुम्ही. मशीनला कळतं ते. दिसला तरच दाबायचं हां."

"दिसतंय ना मना."

तिनं पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच, कुर्रर् व्हायच्या आधीच टुक. तिनं पुन्हा थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पुढे जाऊन बाबांच्या खुर्चीपाशी खाली बसलो. त्यांनी भांड्यातून तोंड काढलं नाही. तसेच, हळू आवाजात, त्या मुलीला ऐकू जाऊ नये असं मला म्हणाले, "किती येला दाबायचं असतंय पास व्हायला?"

"बाबा, इथं पास-नापास काही नाही. दिसेल तेवढंच दाबा. खरं दाबा."

"आनि कायच न्हाय दिसलं तं?"

"तरी ओट्यावर नाही बसवणार तुम्हाला. शेतावर मी नेईन."

"रोज?"

"रोज."

"तुजा गाला हाय. धंदा हाय."

"रोज नेईन, बाबा."

त्यांनी हनुवटी नीट टेकवली. मुलीनं मशीन सुरू केलं आणि मी तिथंच, त्यांच्या गुडघ्यापाशी बसून राहिलो. कुर्रर्. टुक. कुर्रर्. मी टुकची वाट बघितली. कुर्रर्. कुर्रर्. आत ठिपके चमकत होते, एकामागून एक, आणि बाबा श्वास रोखून मधल्या दिव्याकडे बघत होते. त्यांचा अंगठा बटणावर होता. मी त्या अंगठ्याकडे बघत होतो, आणि तो हलत नव्हता.